किती झाडं पाहून?

सहदेवभाऊ खेरडे यांनी मला खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी सहसा हरत नाही. मी गजेंद्र, वरुडचा वार्ताहर. अमरावतीहून निघणाऱ्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो; पोट मात्र स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर भरतं. बावीस वर्षांत माझ्याशी भांडायला सरपंच आले, ठेकेदार आले, एकदा तर एक नवरदेव आला, कारण लग्नाच्या बातमीत मी त्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं होतं. सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. सहदेवभाऊंना तसं पाठवता आलं नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

पण आधी माणूस कोण ते सांगायला हवं.

शेंदूरजनाघाटच्या पुढे, डोंगराच्या अंगाला खडकसावंगी नावाचं गाव आहे. गाव म्हणजे संत्र्याचे बगीचे आणि त्यांच्या मधे राहायला घरं. आमच्या भागात फळ तोडायच्या आधीच बगीचा विकला जातो, झाडावर फळ असतानाच. व्यापारी म्हणतो ऐंशी हजार फळ आहे, मालक म्हणतो सव्वा लाख. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, म्हणजे दोघंही खोटं बोलत असतात. मग सहदेवभाऊंना बोलावणं जातं. झाडावरची फळं मोजून आख्ख्या बगीच्याचा आकडा सांगणं हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. त्यांनी आकडा सांगितला की दोन्ही बाजू मान खाली घालून मान्य करतात. दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नाही. राजकारणात तर नाहीच नाही.

त्यांची पद्धत मी एकदा बातमीसाठी जाऊन पाहिली होती. सकाळी सातला ते आणि पुंजाराम बगीच्यात हजर. पुंजाराम हा त्यांचा जोडीदार, वयाने बरोबरीचा. खांद्यावर शिडी आणायची, झाडाला लावायची, खाली धरून उभं राहायचं आणि सहदेवभाऊ वरून पाच-पाच फळं बोलतील ती डोक्यात मिळवत जायची, एवढं त्याचं काम. कागद नाही, पेन नाही. दोन तास झाले तरी पुंजारामचा आकडा चुकायचा नाही.

त्या दिवशी बगीचा केशवरावांचा होता. केशवराव गावातले मोठे बागाईतदार. त्यांनी विहिरीकाठच्या ओळीकडे हात करून म्हटलं, "सहदेवभाऊ, इथून सुरू करा. सावली बी हाय."

सहदेवभाऊ हसले. "केशवराव, तुमी मले जे झाड दाखवता, तेच मोजाचं नसते."

मग ते केशवरावांच्या घराच्या पडवीपाशी गेले आणि आतल्या वहिनींना म्हणाले, "वहिनी, एक ते दहामधला एक आकडा सांगा." वहिनी म्हणाल्या, सात. झालं. पहिल्या ओळीपासून सातवं झाड, मग सतरावं, मग सत्ताविसावं. त्यात एक झाड अर्धं वाळलेलं निघालं. केशवराव म्हणाले, हे सोडा. सहदेवभाऊ शिडीवर चढले सुद्धा. मी विचारलं, मालकालाच आकडा का नाही विचारत? ते वरून म्हणाले, "मालकाले आपल्या चांगल्या झाडाचा नंबर पाठ असते, बाप्पा."

खाली उतरल्यावर मला त्यांनी फांद्या बाजूला सारून झाडाच्या पोटात डोकं घालायला लावलं. बाहेरून तीस-चाळीस फळं दिसत होती, आत त्याच्या दुप्पट होती. "खालून पाहणाऱ्याचं झाड अन् शिडी लावणाऱ्याचं झाड कधी एक नसते," ते म्हणाले. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, मथळ्याला बरं पडेल म्हणून. डोक्यात घेतलं नाही.

या कामाने त्यांना एक खोड लागली होती. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, आजकालचे पोट्टे काही कामाचे नाहीत, की हे विचारणार, "किती झाडं पाहून बोल्ला?" कोणी म्हणालं, यंदा सगळीकडे पाऊस कमी आहे, तर पुन्हा तेच. लोक वैतागत. त्यांची बायको पार्बताबाई सांगते, "आमच्या लग्नाच्या बैठकीत माह्या बापानं म्हटलं, पोरगी हाताची चांगली हाय. तर याहीनं भर बैठकीत इचारलं असतं किती झाडं पाहून, पण सासऱ्यानं आधीच चिमटा काढला." हे खरं की पार्बताबाईंनी रचलेलं, ते मला ठाऊक नाही, पण गावात सगळ्यांना ते खरं वाटतं.

त्यांची सून मंजुषा गावातली आशा कार्यकर्ती. मुलगा गोपाल गाडी चालवतो. सासऱ्याची खोड सुनेत उतरलेली मी इथेच पाहिली. बाकी गावांतल्या आशा बायका दारातून विचारतात, कोणाला ताप आहे का? आतून नाही म्हटलं की पुढच्या घरी. मंजुषा दारात थांबत नाही. ती पाणी मागायच्या निमित्ताने आत जाते, मागच्या खोलीतल्या खाटेवर कोण पांघरूण घेऊन पडलंय ते पाहते, रांजण, ड्रम, हौद उघडून बघते, आणि ताप असलेल्याचं बखोट धरून उपकेंद्रात रक्त द्यायला नेते. म्हणजे सासरा झाडाला शिडी लावतो, तर सून घराला.

आता माझा पराक्रम.

गेल्या सप्टेंबरात तालुक्यात डेंग्यू पसरला. आरोग्य केंद्राकडून एक कागद आला, गावनिहाय तक्ता. त्यात तीन रकाने होते: गाव, तपासलेले रक्तनमुने, आणि त्यांत निघालेले डेंग्यूचे रुग्ण. खडकसावंगीत अठ्ठेचाळीस जणांचं रक्त तपासलं, एकवीस रुग्ण निघाले. शेजारच्या पळसवाड्यात सहा जणांचं तपासलं, चार निघाले. बाकी गावंही अशीच. अमरावतीच्या डेस्कवरून फोन आला, जागा दोन कॉलम आहे, तक्ता लहान करा. मी मधला रकाना कापला. कापताना मनात काही आलं नाही. रुग्ण किती हे लोकांना हवं असतं, रक्त किती जणांचं घेतलं याचं काय करायचंय?

तिकडे डेस्कवरच्या पोराने त्याचा आलेख केला. साधे खांब नाहीत, डास. प्रत्येक गावाच्या नावावर एक डास, रुग्ण जास्त तर डास मोठा. खडकसावंगीवरचा डास असा होता की तो गाव उचलून घेऊन जाईल. मथळा: 'खडकसावंगीला डेंग्यूचा विळखा'. पान पाहून मी खूश झालो. खरंच सांगतो, त्या दिवशी मी दहा जणांना ते पान दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सहदेवभाऊ दुकानात आले. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गजेंद्रभाऊ, पळसवाड्यात किती लोकांचं रक्त पाह्यलं?"

मी म्हटलं, "काका, आकडे सरकारी आहेत. मी काही मनाने टाकले नाहीत."

"आकडे खरे हायेत. मी खोटे म्हणून राह्यलो का? एकवीस खरे, चार बी खरे. पण एका झाडाले शिडी लावली, अन् दुसरं रस्त्यावरून पाह्यलं. मग तुमी लिहिलं की शिडीवाल्या झाडाले फळ जास्त. पळसवाड्यात किती लोकांचं रक्त पाह्यलं, तेवढं सांगा."

सहा. मला ठाऊक होतं. तो कागद माझ्या ड्रॉवरमधेच होता. सहापैकी चार म्हणजे दर तिघांत दोन. तिथे जास्त माणसं तपासली असती तर किती निघाले असते देव जाणे. अठ्ठेचाळीसपैकी एकवीस म्हणजे निम्म्याहूनही कमी. कागद नीट वाचला असता तर काळजी पळसवाड्याची करायला हवी होती, आणि शाबासकी मंजुषाला द्यायला हवी होती. मी उलटं केलं होतं. तरी सहदेवभाऊंसमोर मी "पाहून सांगतो" म्हणालो.

त्यांनी पान उलगडलं आणि दोन्ही डासांवर बोट ठेवलं. "हा याच्या कितीपट काढला?"

"पाचपट. एकवीस आणि चार. हिशोबानेच काढलाय."

"त्या लहान्याचे झेरॉक्स काढा बरं. तीसेक."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण गिऱ्हाईक नव्हतं, मी काढले. त्यांनी माझीच कात्री घेतली आणि लहान डासांचे चौकोन कापून मोठ्या डासाच्या चौकोनावर ओळीने मांडत गेले. पाच बसले, दहा बसले, पंधरा बसले. पंचविसावा ठेवला तेव्हा कुठे मोठा डास झाकला गेला. उंची पाचपट केली होती आणि त्याबरोबर रुंदीही पाचपट झाली होती. हिशोब पाचाचा आणि डोळ्याला दिसणार पंचवीस. बावीस वर्षं मी छापील कागदात हात घालून बसलोय आणि हे मला एका फळं मोजणाऱ्याने माझ्याच कात्रीने दाखवलं.

"वाचणारा आकडा नाई पाहत," ते म्हणाले, "तो डास पाह्यते. रक्त किती जणांचं पाह्यलं त्याचा मधला रकाना असते, सून सांगते; तो उद्याच्या पेपरात छापून द्या. गावाचं जाऊ द्या, माह्या सुनेनं रक्त तपासलं म्हणून गाव बदनाम झालं, असं लोक तिले बोलून राह्यले."

मी कबूल केलं. खुलासा लिहिलाही, सहा ओळींचा. पण पाठवला नाही. आपणच छापलेलं आपणच चुकलं म्हणायचं, डेस्क विचारणार मग आधी काय झोपला होता का, अशा विचारात दोन दिवस गेले आणि मग बातमी शिळी झाली असं मी स्वतःला सांगितलं. याचा मला राग येतो. दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच.

तिकडे खडकसावंगीत बहाराचे सौदे तोंडावर आले होते. व्यापाऱ्यांचे तोडणीचे मजूर बगीच्यात महिना-महिना मुक्काम करतात. डासाचं चित्र मोबाईलवरून नागपूरपर्यंत पोहोचलं. एक व्यापारी म्हणाला, मजूर यायला तयार नाहीत. दुसरा म्हणाला, पळसवाड्याचे बगीचे पाहतो, तिकडे साथ कमी आहे. तेव्हा समाजमंदिरात बैठक झाली. केशवरावांनी विषय मांडला. कोणी वाईट बोललं नाही, कोणी मंजुषाला शिवी दिली नाही. ठरलं एवढंच की बगीचे विकले जाईपर्यंत आशाला कोणी रक्त देऊ नये. ज्याला ताप येईल त्याने आपला आपण मेडिकलमधून गोळ्या घ्याव्यात. एकविसाचा बाविसावा कोणी होऊ नये.

सहदेवभाऊ त्या बैठकीत होते. ते गप्प बसले. हे मला गावकऱ्यांनी नाही, त्यांनीच सांगितलं.

घरी येऊन त्यांनी सुनेला म्हटलं, "मंजुषा, पंधरा दिवस थांबून जाय."

"मामाजी, हे तुमी सांगून राह्यले?"

"गावाचा बहार हाय, बाई. वर्षभराचं हाय लोकांचं."

"पंधरा दिवस ताप थांबते का?"

मंजुषा तरी दोन दिवस फिरली. ज्या घरात ती मागच्या खोलीपर्यंत जायची, तिथे आता बाया पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहत. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी खुंटीला अडकवली. पार्बताबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं आणि ताटासमोर बसून राहिल्या.

बैठकीनंतर चौदाव्या दिवशी केशवरावांच्याच बगीच्याची मोजणी होती. ऑक्टोबरचं ऊन, आणि पुंजाराम स्वेटर घालून आला. सहदेवभाऊंनी विचारलं, तर म्हणाला सकाळी गार वाटलं. शिडी लागली. सहदेवभाऊ वरून पाच-पाच बोलू लागले. मधे त्यांनी सवयीने विचारलं, "किती झाले?"

"तीनशे चाळीस."

आणखी थोडी फळं बोलून झाल्यावर पुन्हा विचारलं, "आता?"

"तीनशे दहा."

चाळीस वर्षांत पुंजारामचा आकडा मागे गेला नव्हता. सहदेवभाऊ खाली उतरले आणि शिडी धरलेल्या हातावर हात ठेवला. हात भाजत होता.

"कवाचा ताप हाय?"

"पाच रोज झाले. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन राह्यलो, उतरते मग. सौदा होऊ दे, दाखवतो. तुह्या सुनेले नको सांगू, उगा बाविसावा होईन मी."

डेंग्यूत त्या गोळ्या घ्यायच्या नसतात, आतून रक्त जाऊ शकतं, हे मंजुषा घरोघरी सांगत असे. पण तिला घरात घेणंच बंद झालं होतं. गोपालने गाडी काढली. वरुडला डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच अमरावतीला न्या म्हणाले. मोर्शी ओलांडल्यावर पुंजारामने सहदेवभाऊंच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि अमरावती यायच्या आत तो गेला.

डेंग्यू होता का? मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लक्षणं तशीच होती. पण तपासणी नाही, तर मी कशावरून लिहू?" गावाने ठरवलं, वय झालं होतं, उन्हात उभा राहिला, गेला. मीही 'अल्पशा आजाराने निधन' असं तीन ओळींत छापलं. पुंजारामची बायको आशाबाई आणि नात पिंकी अशी दोनच माणसं त्या घरात उरली.

बगीचे विकले गेले. तोडणी सुरू झाली. महिनाअखेरीस आरोग्य केंद्राचा नवा कागद आला. खडकसावंगी: रुग्ण शून्य. त्याच्या अलीकडच्या रकान्यात नमुनेही शून्य. मला तो रकाना दिसला. पहिल्या वेळी मी तो जागेसाठी कापला होता. या वेळी पाहिला आणि पुढे गेलो. डेस्कला चांगली बातमी हवी होती, मलाही हवी होती. गावाचं नाव खराब केल्याची बोच होती ना, ती एका झटक्यात जाईल असं वाटलं. 'खडकसावंगीने करून दाखवलं', एकवीसवरून शून्यावर झपकन उतरणारी रेघ, आणि खाली मंजुषाचा फोटो. फोटो मी तिला न विचारता छापला.

बातमी वाचून वरुडच्या एका सेवाभावी मंडळाने गावाचा सत्कार ठरवला. समाजमंदिरातच. मागे बॅनर, बॅनरवर माझा आलेख चांगला चार हात मोठा करून लावलेला. मी पहिल्या रांगेत, कॅमेरा घेऊन. मंडळाचे अध्यक्ष बोलले, केशवराव बोलले. मग शाल-श्रीफळ देण्यासाठी मंजुषाचं नाव पुकारलं. ती उठून पुढे गेली, पण हात पुढे केले नाहीत. शाल घेतलेला माणूस अवघडून हसत उभा राहिला.

तेव्हा मागून सहदेवभाऊ उठले. ते माइककडे गेले नाहीत. बॅनरपाशी जाऊन त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत हळूहळू आणलं आणि मागे वळून सगळ्यांना विचारलं, "याच्यात माहा पुंजाराम कुठी हाय?"

बोट त्यांनी खालच्या शून्यावरच ठेवलं होतं.

"एकवीसचा शून्य कसा झाला, सांगू? ताप नाई गेला. आपण मोजणं सोडलं. एकाही माणसाचं रक्त पाह्यलं नाई, मग शून्यच येईन ना? उद्या मी डोळे मिटून बगीच्यात फिरलो अन् म्हटलं फळ नाई, तर केशवराव, तुमी मले उभं कराल का?" मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "पेपरवाल्याले मी बोललो होतो. पण त्याच्यापेक्षा माही चूक मोठी हाय. त्याले कळत नव्हतं. मले कळत होतं, तरी माह्याच तोंडानं मी सुनेले घरी बसवलं. ती नसती बसली, तर ती त्याच्या घरात गेली असती. त्याले हाताले धरून नेलं असतं."

त्याले कळत नव्हतं, असं ते माझ्याबद्दल म्हणाले. पहिल्या वेळी ते खरं होतं. दुसऱ्या वेळी नव्हतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी कॅमेरा खाली ठेवला.

केशवराव उठले, बसले, पुन्हा उठले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. लोक एकमेकांकडे न बघता पुढ्यातल्या जमिनीकडे बघत होते. मंजुषा तशीच पुढे उभी होती, सासऱ्याकडे बघत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग पण होता. तो कोणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बायकांच्या बाजूने पुंजारामची बायको, आशाबाई, उठल्या. महिनाभरात त्या घराबाहेर फारशा पडल्या नव्हत्या. पदर सावरत त्या दोन पावलं पुढे आल्या आणि मंजुषालाच म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला नाही, "मंजुषा, तुही वही कुठी हाय?"

"घरी हाय, मावशी."

"घेऊन ये. पिंकीले परवापासून ताप हाय. मी बी लपवून राह्यली होती, लोक काय म्हणतीन म्हणून. नाई लपवत आता. लिहून घे तिचं नाव. माह्या घरचं एक लिहाचं राहून गेलं."

मंजुषा वही आणायला पळाली. ती परत येईपर्यंत आणखी तिघी उभ्या राहिल्या होत्या: एकीचा दीर, एकीची सासू, एकीची स्वतःची धाकटी. मंजुषाने समाजमंदिराच्या पायरीवर बसून सगळ्यांची नावं लिहिली आणि गोपालच्या गाडीत घालून त्यांना उपकेंद्रात नेलं. पिंकीला डेंग्यूच निघाला. आठ दिवस सलाइनवर राहून ती बरी झाली.

ती वही मी नंतर पाहिली. पिंकीच्या नावाच्या वरच्या ओळीत पुंजारामचं नाव आहे, आशाबाईंनी सांगून लिहून घेतलेलं. तापाचे दिवस, पाच. तपासणीच्या रकान्यात मंजुषाने लिहिलंय, 'झाली नाही'.